कोणाच्या वतीने?

दिगंबर पुराणिकांना साधा चहा विचारला तरी ते आधी विचारायचे, “कोणाच्या वतीने?”

आम्ही बनारसला नवीन होतो तेव्हा माझी बायको नीला या प्रश्नाने गोंधळली. “म्हणजे? माझ्याच की,” असं म्हणाली. त्यावर गुरुजींनी समाधानाने मान डोलावली. “मग घेतो. साहेबांच्या वतीने असता तर म्हटलं असतं, आधी त्यांना विचारून या. ते तर आत अंघोळ करतायत.”

ही थट्टा होती की नाही, हे मला पहिले काही महिने कळलं नाही. त्यांचा चेहरा कुठल्याही वाक्याला एकसारखाच राहायचा.

बँकेने माझी बदली केली तेव्हा शिंदे घाटाच्या वरच्या गल्लीत एका घराचा वरचा मजला आम्हाला भाड्याने मिळाला. खाली गुरुजी राहत. त्यांचं घराणं काही पिढ्यांपूर्वी कोकणातून काशीला आलेलं. महाराष्ट्रातून येणाऱ्या यात्रेकरूंची श्राद्धं, तर्पणं, अस्थिविसर्जनं चालवणं हा घराण्याचा व्यवसाय. उंच, किंचित वाकलेले, खांद्यावर उपरणं आणि बारा महिने काखेत एक जुनी काळी छत्री. छत्री पावसासाठी नव्हती, माकडांसाठी होती. त्यांचं मराठी जुन्या वळणाचं, पण मधूनमधून हिंदी शब्द येत. “मी सोचलं”, “मला मालूम नव्हतं”, “बिलकुल नाही”. मला ते ‘मॅनेजरसाहेब’ म्हणत. मी मॅनेजर नव्हतो, शाखेचा लेखापाल होतो. एकदोनदा मी दुरुस्ती करून पाहिली, मग सोडून दिली.

आमची खरी ओळख पहिल्या पितृपक्षात झाली. वडिलांच्या तर्पणासाठी मी घाटावर त्यांच्यापुढे बसलो होतो. हातात पाणी घेऊन संकल्प सुरू होणार, तोच ते थांबले.

“कोणाच्या वतीने?”

“माझ्या. आणि थोरल्या भावाच्याही. तो कराडला असतो.”

“त्यांनी तोंडाने सांगितलंय, की तुम्ही सोचलंत?”

“गृहीत धरलंय.”

“मग फोन लावा.”

मी ओल्या पंच्यावर उभा राहून भावाला फोन लावला. तो म्हणाला, “अरे, यात काय विचारायचं?” मी तसं गुरुजींना सांगितलं.

“हे हो नाही झालं,” ते म्हणाले. “परत लावा.”

मागे लोक खोळंबले होते. मी परत फोन लावला, भावाकडून स्पष्ट ‘हो’ घेतलं आणि मगच पळीभर पाणी त्याच्या नावाने सुटलं. तिथे दुसरा कोणी असता तर वैतागला असता. मला हा माणूस तेव्हाच आवडला. माझी सगळी नोकरी याच नियमावर गेली आहे. खातेदाराच्या सहीच्या अधिकारपत्राशिवाय त्याच्या खात्याला हात लावायचा नाही, मग समोर त्याचा सख्खा मुलगा उभा असला तरी. हाच नियम कोणी परलोकाच्या व्यवहारालाही लावतं, हे मी पहिल्यांदाच पाहत होतो.

गुरुजींचं लग्न फार उशिरा झालं. आई कित्येक वर्षं अंथरुणाला खिळून होती, तिचं सगळं त्यांनीच केलं. ती गेली तेव्हा ते पन्नाशीला आले होते. पुढच्याच वर्षी शैलजाबाई पुण्याहून वडिलांच्या अस्थी घेऊन एकट्या आल्या. एका संगणक कंपनीत चांगल्या हुद्द्यावर होत्या, लग्न केलेलं नव्हतं. घाटावर ज्याने त्याने त्यांना विचारलं, “भाऊ नाही का? चुलतभाऊ? कोणी पुरुष माणूस?” गुरुजींनी फक्त विचारलं, “कोणाच्या वतीने?” त्या म्हणाल्या, “माझ्या.” त्यांनी ‘बसा’ म्हटलं आणि विधी सुरू केला. शैलजाबाई ही हकिगत सांगून पुढे म्हणायच्या, “त्या एका प्रश्नावर मी लग्न केलं. बाकी काही चौकशी केली नाही, तेवढी करायला हवी होती.”

चौकशी कशाची, ते त्यांना बनारसला आल्यावर कळलं. गुरुजी पहाटेपासून दुपारपर्यंत घाटावर अखंड बोलत आणि घरी आले की गप्प बसत. राग नाही, रुसवा नाही, नुसतं गप्प. भाजी कोणती करू? “तुम्हाला हवी ती.” पडदे कुठल्या रंगाचे घेऊ? “तुमच्या पसंतीने.” ते बायकोला अहो-जाहो करत आणि ‘शैलजाबाई’ म्हणत. त्या त्यांना सरळ ‘दिगंबर’ म्हणत आणि अरे-तुरे करत. यामुळे गल्लीतल्या जुन्या मंडळींना बरेच दिवस विषय पुरला. पण दोघांमधली खरी अडचण ही नव्हती. एकदा आमच्या स्वयंपाकघरात शैलजाबाई नीलाला म्हणाल्या, “हा माणूस दिवसभर लोकांच्या मेलेल्यांशी बोलतो. घरी जिवंत बायकोसाठी त्याच्याकडे काही उरतच नाही गं.”

पुण्यात असताना शैलजाबाई दर रविवारी मित्रमंडळींबरोबर एक खेळ खेळायच्या. तो त्यांनी इथेही सुरू केला. खालच्या पुढच्या खोलीत टेबल मांडलं, खिडकीला माकडांसाठी जाळी बसवली आणि दोन गडी मिळवले. एक निखिल, यवतमाळचा, विद्यापीठात संशोधन करणारा. दुसरी रागिणी, बनारसचीच, दातांची डॉक्टर.

खेळ असा. प्रत्येकाने एक माणूस कल्पायचा. कोणी योद्धा, कोणी जादूगार. एकजण गोष्ट सांगतो, ते काम शैलजाबाईंचं. “तुम्ही एका गुहेपाशी आला आहात, आतून धूर येतोय. काय करता?” ज्याने त्याने आपल्या माणसाचं उत्तर द्यायचं. काम सोपं असेल तर झालंच. अवघड असेल तर वीस बाजूंचा फासा टाकायचा आणि पडलेल्या आकड्यावर जमलं की फसलं ते ठरवायचं. हरणं-जिंकणं असं काही नाही. गोष्ट पुढे जात राहते.

एके दिवशी गुरुजी जिना चढून वर आले. छत्री कोपऱ्यात उभी केली. मग म्हणाले, “मॅनेजरसाहेब, शैलजाबाई रविवारी हसतात. मला आतल्या खोलीत ऐकू येतं. एरवी इतक्या हसत नाहीत. तर मी सोचतोय, जिथे हसतात तिथे आपण जाऊन बसावं.”

“बसा की.”

“पण त्यात फासा आहे.”

अडचण खरी होती. त्यांच्या वडिलांनी आपल्या पाठशाळेतल्या सगळ्या विद्यार्थ्यांकडून, मुलाकडूनही, वचन घेतलं होतं की जन्मात फासा हातात धरणार नाही. वडील गेले, पाठशाळा बंद पडली, वचन राहिलं. मी म्हटलं, हा काही जुगार नव्हे. ते म्हणाले, “वचनात ‘जुगार’ शब्द नव्हता. ‘फासा’ शब्द होता.” मग त्यांनीच तोड काढली. “जन्मभर मी दुसऱ्यांच्या वतीने केलं. आता माझ्या वतीने कोणी करायला हरकत काय? तुम्ही टाका.”

अशा रीतीने मी त्या टेबलावर गेलो. मला गोष्टीत गती नव्हती, पण आकडे होते. अमुक आकडा किंवा त्याहून वरचा पडायची शक्यता किती, हे मी तोंडी सांगत असे. दरवेळी फासा उचलण्याआधी मी गुरुजींकडे पाहायचं, त्यांनी “माझ्या वतीने टाका” म्हणायचं आणि मगच मी टाकायचा. एकदा मी घाईत न विचारता टाकला, वीस पडले, सगळे ओरडले. गुरुजींनी तो आकडा घेतला नाही.

पहिल्या दिवशी निखिल म्हणाला, “गुरुजी, तुमच्यासाठी पुजारी ठरवून ठेवलाय. मंत्र म्हणून जखमा बऱ्या करतो.”

“रविवारी सुट्टी,” गुरुजी म्हणाले. “मी चोर होतो.”

“चोर?” शैलजाबाईंनी चष्म्यावरून पाहिलं.

“आयुष्यभर लोकांनी दिलेलं घेतलं. एकदा न विचारता घेऊन बघतो.”

चोराचं नाव त्यांनी लखू ठेवलं. पण लखूला चोरी काही जमेना. पहिल्याच मोहिमेत राक्षस मारला गेला आणि त्याची पेटी सापडली. निखिल आणि रागिणी वाटणी करायला लागले. लखूने पेटीवर हात ठेवला.

“हे कोणाचं?”

“गुरुजी, राक्षसाचं. मेला तो,” निखिल म्हणाला.

“त्याला वारस?”

रागिणी म्हणाली, “गुरुजी, अब राक्षस का वारिस कौन ढूँढ़ेगा?”

“ढूँढ़ना पड़ेगा, डॉक्टर साहिबा.”

तो सगळा रविवार राक्षसाचा वारस शोधण्यात गेला. शेवटी शैलजाबाईंनी डोंगरापलीकडून त्याचा एक भाचा काढला. भित्रा, शाकाहारी, मामाच्या नावाने लाजणारा. तो इतका गहिवरला की त्याने पेटी यांनाच दिली आणि वर जेवायला घातलं. भाच्याचं बोबडं बोलणं करताना शैलजाबाईंना हसू आवरेना, आणि गुरुजी त्यांच्याकडे पाहत होते. त्यांचा चेहरा नेहमीसारखाच होता. पण छत्री त्या दिवशी ते टेबलाखालीच विसरले.

एक गोष्ट मात्र दर रविवारी अडायची. शैलजाबाई विचारायच्या, “लखू, तुला काय हवंय?” निखिलच्या योद्ध्याला राज्य हवं होतं. रागिणीच्या जादूगारणीला हरवलेली बहीण शोधायची होती. गुरुजी म्हणायचे, “मंडळी म्हणतील ते.” एकदा शैलजाबाईंनी पेन्सिल खाली ठेवली. “दिगंबर, हेच. घरीही तू हेच करतोस.” गुरुजी म्हणाले, “बरं.” खेळ पुढे गेला.

गोष्टीत एक म्हातारी नावाडीण होती, मैनाबाई. नदी ओलांडायची असली की सगळे तिच्याकडे जायचे. शैलजाबाई तिचा आवाज खरखरीत काढायच्या आणि ती कोणालाही शिव्या द्यायची. लखूचं तिच्याशी जमलं होतं. तो दरवेळी तिच्यासाठी काहीतरी घेऊन यायचा, बाजारातून रीतसर मागून आणलेलं, आणि ती म्हणायची, “चोर म्हणे! तुझ्यापेक्षा माझा बोका बरा.”

त्या वर्षी कार्तिक लागला आणि घाटावर बांबूंच्या टोकाला टोपल्यांतून आकाशदिवे चढले. पुण्याच्या जुन्या कंपनीने शैलजाबाईंना परत बोलावलं. काम तिथेच राहून करायचं, उत्तर पौर्णिमेपर्यंत द्यायचं. त्यांनी हे नवऱ्याला सांगितलं आणि मग आमच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. हातात आमचीच रिकामी वाटी होती.

“काय म्हणाले गुरुजी?” नीलाने विचारलं.

“‘तुमची जशी इच्छा.’ एवढंच. मला वाटलं होतं, निदान भांडेल.” वाटी खाली ठेवून त्या म्हणाल्या, “मी जाऊन बघणार आहे, नीला. गेले तर परत येणं व्हायचं नाही, हे मलाही कळतंय. पण जिला कोणी थांब म्हणत नाही तिने कशासाठी थांबायचं?”

दुसऱ्या दिवशी सकाळी बँकेत जाण्याआधी मी घाटावर गेलो. पुराचं पाणी ओसरल्यावर पायऱ्यांवर राहिलेला गाळ आता धुऊन निघाला होता. गुरुजी दर्भ निवडत बसले होते. मी आडवळणं न घेता विचारलं, त्या जाव्यात असं तुम्हाला वाटतं का?

“बिलकुल नाही.”

“मग सांगा ना तसं.”

“कसं सांगू? संकल्प त्यांचा चाललाय. दुसऱ्याच्या संकल्पात आपलं मागणं घालायचं नसतं. यजमान म्हणतोय, वडिलांना सद्गती मिळो. मधेच गुरुजीने म्हणायचं, मला नवं धोतर मिळो? चालेल?”

“गुरुजी, त्या तुमच्या यजमान नाहीत.”

आसपास एकही माकड नव्हतं, तरी त्यांनी छत्री उघडली आणि तिच्याखाली बसून राहिले.

मला त्यांची चूक दिसत होती, आणि ती चूक माझ्याच जातकुळीची होती हेही दिसत होतं. दुसऱ्याच्या अधिकारात पाय टाकायचा नाही, हे त्यांनी इतकं पाळलं होतं की आपलं म्हणणं मांडणं हीसुद्धा त्यांना घुसखोरी वाटायची. ते बायकोचा मान राखत होते. बायकोला ते दार बंद केल्यासारखं वाटत होतं.

पौर्णिमेआधीचा रविवार आला. इथे देवदिवाळी कार्तिकी पौर्णिमेलाच असते, तिच्या तयारीने घाट गजबजले होते, कुठेतरी कोणी माइक तपासत होतं. गुरुजींना त्या दिवसांत श्वास घ्यायला फुरसत नसते, तरी ते वेळेवर येऊन बसले. शैलजाबाई शांत होत्या. मला वाटतं, गोष्टीतली सगळी माणसं त्या एकेक करून मार्गी लावत होत्या. जादूगारणीला बहीण भेटली. योद्ध्याला राज्य नाही पण एक गढी मिळाली. मग मंडळी नदीवर आली.

“मैनाबाई नाव सोडायच्या तयारीत आहे,” शैलजाबाई म्हणाल्या. मग खरखरीत आवाजात, “पोरांनो, मी खाली माझ्या माणसांकडे चालले. आता परत येणार नाही. दुसरी नाव बघा.”

निखिल म्हणाला, “आम्ही तिला नमस्कार करतो.” रागिणी म्हणाली, “मैं उसे गले लगाती हूँ।”

“लखू?”

गुरुजी टेबलाकडे पाहत होते. “मैनाबाई कुठे पाहतेय?”

“समोरच. तुमच्याकडे.”

“वल्हं कुठे आहे?”

“तिच्या पायाशी.”

“लखू वल्हं चोरतो.”

निखिलच्या हातातला शेंगदाणा हातातच राहिला. आजवर लखूने कोणाची काडीही घेतली नव्हती.

“ती बघतेय,” शैलजाबाई म्हणाल्या. “तिच्या डोळ्यांदेखत?”

“हो.”

“अठरा तरी पडायला हवेत.”

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. “अठरा, एकोणीस, वीस. विसात तीन,” मी म्हणालो. “शंभरात पंधरा. गुरुजी, सल्ला विचाराल तर करू नका.” आणि सवयीने फासा उचलून त्यांच्या संमतीसाठी थांबलो.

त्यांनी संमती दिली नाही. हात पुढे केला. “आणा इकडे.”

“गुरुजी, वचन...”

“मालूम आहे. हे दुसऱ्याकडून करवून चालायचं नाही.”

फासा त्यांच्या तळहातावर आला. आचमनाचं पाणी घेतात तसा त्यांनी तो धरला होता. मग तो टेबलावर सोडला. फासा फार लांब गेला नाही.

चार.

शैलजाबाईंनी खरखरीत आवाज लावायचा प्रयत्न केला, तो अर्धाच लागला. “काय रे लखू? वल्हं कशाला घेत होतास?”

“तू जाऊ नयेस म्हणून.”

गुरुजींच्या तोंडून त्यांना ‘तू’ आम्ही प्रथमच ऐकलं. शैलजाबाईंनी चष्मा काढला. आता विचारलं ते त्यांच्या स्वतःच्या आवाजात.

“कोणाच्या वतीने?”

“माझ्या.”

बाहेर माइकवाला हॅलो हॅलो करत होता. शैलजाबाई बराच वेळ पदराने काचा पुसत राहिल्या. मग पुन्हा मैनाबाई होऊन म्हणाल्या, “मग मागायचं होतंस. चोरायला कशाला निघालास?”

“मागायची सवय नाही.”

“लाव सवय.” त्यांनी चष्मा घातला. “हं, पुढे. निखिल, तू काय करतोस?”

“मी काहीच करत नाही, ताई,” निखिल म्हणाला. “मी इथे नाहीच.”

दुसऱ्या दिवशी शैलजाबाईंनी पुण्याला नकार कळवला. नीलाला म्हणाल्या, “त्याच्या सांगण्यावरून राहतेय असं कोणाला सांगू नकोस हं. मी माझ्या वतीने राहतेय. त्याने सांगितलं म्हणून एवढंच झालं की ठरवता आलं.”

वचन मोडल्याचं प्रायश्चित्त म्हणून गुरुजींनी रविवारचं रात्रीचं जेवण सोडलं. फासा मात्र त्यानंतर ते स्वतः टाकू लागले. “एकदा मोडलं ते मोडलं. दर आठवड्याला तुम्हाला कशाला त्रास?” मी नुसता शक्यता सांगायला बसायचो आणि ते त्या कधी ऐकायचे नाहीत. घरी ते अचानक बडबडे झाले असं नाही. पण एकदा जिन्यात मला खालून ऐकू आलं, “भाजी कोणती करू?” मग बराच वेळ शांतता. मग, “भेंडी.” आणि लगेच, “पण चिरून मी देतो.”

माझी बदली कोल्हापूरला झाली. सामान आधी पुढे गेलं होतं. निघायच्या दिवशी आम्ही खाली त्यांच्याकडे जेवलो. गल्लीच्या तोंडाशी रिक्षा उभी होती, नीला पुढे होऊन तिच्यात बसलीसुद्धा होती. मी दारात आलो तर माझा एकच बूट. ओसरी पाहिली, पायरीखाली पाहिलं, माकडाने नेला असेल म्हणून समोरच्या गच्चीकडे पाहिलं. गुरुजी ओसरीवर पाय दुमडून बसले होते. चेहरा नेहमीसारखा.

“गुरुजी, माझा बूट पाहिलात?”

“पाहिला.”

“कुठे आहे?”

“लखूने घेतला.”

चामड्याच्या बुटाला हात लावला म्हणजे या माणसाला आता पुन्हा अंघोळ करावी लागणार, हे माझ्या डोक्यात आलं. मग मी जे विचारायचं ते विचारलं.

“कोणाच्या वतीने?”

“दोघांच्या.” त्यांनी आतल्या खोलीकडे मान वळवली. “त्यांना विचारून घेतलंय.”

“मी हो म्हटलंय!” आतून शैलजाबाई ओरडल्या. “स्पष्ट हो!”

मी पायरीवर एक बूट घालून बसून राहिलो. पलीकडून नीला हाका मारत होती. थोड्या वेळाने गुरुजी उठले, कोपऱ्यातली छत्री उचलून माझ्यापुढे उलटी केली. त्यातून बूट खाली पडला.

“आता जा,” ते म्हणाले. “मागायचं होतं, मागून झालं.”